अकरावा पीळ

१

मिनोवांच्या घड्याळ कारखान्यात अठ्ठावीस वर्षं बंद असलेलं एक घड्याळ सोमवारी सकाळी टिकटिक करताना सापडलं. कुणालाही ही चांगलीच बातमी वाटेल. पण त्या टिकटिकीपायी मंगळवार उजाडेपर्यंत एका माणसाची नोकरी जायची पाळी आली होती.

तो माणूस म्हणजे पहारेकरी कोगुरे. मंगळवारी सकाळी तोच फुसाए कारासावाच्या दारावर धडका मारत होता. फुसाए शेगडीच्या मेजाखाली पाय घालून आपल्या घड्याळाला चावी देत होती. दहा पीळ मोजून तिने घड्याळ मनगटावर बांधलं आणि मग उठली. दारावर कुणी थाप मारण्याची तिला सवय राहिली नव्हती. "या" म्हटलं तर आवाज घोगरा निघाला, कारण शुक्रवारपासून तो वापरलाच नव्हता.

"बाई, माझं वाटोळं झालं," कोगुरे बूट काढता काढता म्हणाला. "मामियासाहेबांनी बोलावलंय तुम्हाला. म्हणाले, जुन्या यंत्रातलं कळणारं कुणी जिवंत असेल तर घेऊन ये. मी म्हटलं, कारासावाबाई आहेत. शुक्रवारी बाजारात मुळे निवडताना बघितल्या, चांगल्या जिवंत होत्या."

"उपकार झाले," फुसाए म्हणाली. "काय चोरलंस?"

"बघा! तुम्हीसुद्धा!"

त्याचे डोळे भरून आले, तेव्हा तिला आपल्या जिभेचा राग आला. एकट्या माणसाची जीभ म्यानात राहून गंजते आणि बाहेर काढली की कापते. तिने त्याच्यापुढे चहा आणि पाल्याचं लोणचं ठेवलं. कोगुरे एकोणसाठ वर्षांचा होता आणि पेन्शनला त्याचं एकच वर्ष उरलं होतं.

"उद्या संध्याकाळपर्यंत चोर सापडला नाही तर मी गेलो," तो म्हणाला. "आणि बाई, तुम्हाला सांगतो, ते घड्याळ अजून जागेवरच आहे. चोरीला गेलंय ते त्याच्या पोटातलं."

२

इतिहासाची खोली कारखान्याच्या जुन्या भागात होती. एके काळी तिथे रेशमाचे कोष साठवत. रेशमाचा धंदा बसला तेव्हा चोजिरो मिनोवांनी ती कोठी घेतली आणि गिरणीतल्या बेकार पोरींच्या चपळ बोटांत सुताऐवजी चिमटे दिले. फुसाए तेव्हा सोळाची होती. पुढे ती जुळारी झाली. तयार घड्याळ उभं, आडवं, पालथं, गारठ्यात, उबेत ठेवून पाहायचं आणि सगळीकडे सारखं चालेपर्यंत त्याचं चक्र जुळवत बसायचं, हे तिचं काम. अडतीस वर्षं तिने ते केलं. मग क्वार्ट्‌झ आलं. ते जुळवावं लागत नाही. नऊ वर्षांपूर्वी जुळाऱ्यांची खोली बंद झाली आणि एका दुपारी सगळ्यांना फुलं देऊन घरी पाठवलं.

संचालक मामिया काचपेटीजवळ उभा होता. चाळिशीतला, स्वच्छ, घाईतला माणूस.

"हे मालकांचं घड्याळ," तो म्हणाला. "आत कारखान्याचं पहिलं यंत्र होतं, छत्तीस सालचं, त्यांनी स्वतः कानशीने घासलेलं. मालक गेले त्या दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी थांबवलं, ते तसंच होतं. काल सकाळी सव्वाआठला कोगुरे ओरडत आला, चालू आहे म्हणून. वेळही बरोबर! आम्ही हात लावला नाही. साडेअकराला ते आपोआप थांबलं, तेव्हा उघडलं."

फुसाएने डोळ्याला भिंग लावलं. डायल मालकांची, काटे मालकांचे, पण आतलं यंत्र वीस वर्षांनी धाकटं होतं. जात तीच, माप तेच, फक्त हाताने घासलेल्या कडांच्या जागी मशीनच्या सरळ कडा. डायल आणि काटे उतरवून दुसऱ्या यंत्रावर बसवायचे आणि कुठे ओरखडा उठू द्यायचा नाही, हे येरागबाळ्याचं काम नव्हतं.

"कोगुरेची बोटं पाहिलीत?" ती म्हणाली. "त्याला बटण लावता येत नाही नीट."

"त्याने कुणाला तरी आत सोडलं असणार. हिशेब सोपा आहे, बाई. हे यंत्र पूर्ण चावी दिली की पंचेचाळीस तास चालतं. सोमवारी साडेअकराला थांबलं. पंचेचाळीस तास मागे जा. शनिवार, दुपारी अडीच. शनिवारी एकला कारखाना सुटतो. पाचपर्यंत आत फक्त कोगुरे."

"आणि कोगुरे काय म्हणतो?"

"म्हणतो, झोपलो होतो."

दाराशी उभ्या कोगुरेने मान खाली घातली. शनिवारी दुपारी तो झोपतो हे तर कारखान्यातल्या मांजरालाही ठाऊक होतं.

"पण बाई," तो चाचरत म्हणाला, "रविवारी सकाळी आठला मी काच पुसली तेव्हा मालक चार-दहावरच होते. बंद होते!"

३

फुसाएने कोगुरेची फेरीची वही मागवली. अकरा वर्षं रोज सकाळी त्याने तेच लिहिलं होतं: 'मालक ४:१०, ठीक.' रविवारीही तेच होतं. सोमवारी पेन कागद फाटेपर्यंत दाबून लिहिलं होतं: 'मालक चालू!!'

"न बघता लिहितो तो," मामिया म्हणाला.

"न बघणाऱ्याला सोमवारी बरं लगेच दिसलं," फुसाए म्हणाली. "सोमवारी डोळे होते आणि रविवारी गळून पडले होते का?"

मामियाने यंत्राचा तक्ता पुढे सरकवला. पंचेचाळीस तास छापलेले होते, आणि कोगुरेची वही त्यांच्यापुढे टिकणार नव्हती. माणूस खोटं बोलतो आणि स्प्रिंग बोलत नाही, हे तर फुसाए स्वतःच नव्या पोरींना शिकवत आली होती.

या खोलीची दुसरी किल्ली इवानामीकडे असे. तो इतिहासाच्या खोलीचा कारभारी, पन्नाशीचा, हौसेने घड्याळं दुरुस्त करणारा. तिने त्याला चहाला बसवलं.

"मी शनिवारी पहाटेच मात्सुमोतोला गेलो, भाचीच्या लग्नाला," तो म्हणाला. "रविवारी रात्री परतलो. साडेतीनशे माणसांनी मला गाताना ऐकलंय. विचारा त्यांना, विसरले नसतील बिचारे."

"मालकांच्या यंत्राचं पुढे काय होणार होतं?"

इवानामीचा चेहरा पडला. "तुम्हाला सांगितलं नाही कुणी? पन्नास वर्षांचा समारंभ आहे ना. नव्या इमारतीच्या दर्शनी दालनात ठेवायचंय. यंत्र बाहेर काढून पारदर्शक प्लास्टिकच्या ठोकळ्यात ओतणार होते. सोमवारी दुपारी ओतकामवाला न्यायला येणार होता. मी भांडलो, बाई. म्हटलं, ते पुन्हा कधी चालणार नाही. साहेब म्हणाले, नाहीतरी कुठे चालतंय."

फुसाएने मनगटावरचं घड्याळ काढून थांबवलं, काटे हलवले, आणि सहज त्याच्यापुढे धरलं. "सकाळी चावी दिली की नाही आठवत नाही. द्या बघू जरा."

इवानामीने चावी फिरवली ती पुढे जाईना तोपर्यंत. मग चालतंय का ते बघून घ्यायच्या निमित्ताने तिने मामियाच्या हातातही खोलीतलं दुसरं जुनं घड्याळ दिलं. त्यानेही स्प्रिंग पार आवळली. सगळं जग असंच चावी देतं.

"रविवारी कोण आलं होतं आत?" तिने कोगुरेला विचारलं.

"रविवारी? निवृत्त मंडळी. महिन्यातून एकदा येतात ना आवारातल्या देवळाभोवतीचं गवत काढायला. तुम्हीसुद्धा यायच्या पहिली दोन वर्षं. पाच जण होते. प्रेस मशीनवरचे दोघे, कँटीनच्या बाई, हिशेबनीस, आणि तुमचे ते मोमोसे. नऊ ते बारा. ही खोली त्यांना उघडून दिली, चहा प्यायला. पण त्यांचा काय संबंध? घड्याळ तर शनिवार सांगतंय."

फुसाए आपल्याच उजव्या हाताच्या बोटांकडे बघत होती.

४

घरी येऊन तिने दिवा लावला नाही. तळ्याच्या पलीकडच्या काठावर दिवे लागत होते. त्यांतला एक मोमोसेचा असावा. कोणता, हे नऊ वर्षांत तिला ठरवता आलं नव्हतं.

मालकांची शिकवण्याची रीत साधी होती. चुकलं की बोटांवर बांबूची पट्टी. "भरपेट जेवलेली स्प्रिंग मस्ती करते," ते म्हणायचे, "आणि उपाशी स्प्रिंग रडते. खरं बोलते ती मधली. म्हणून दहा पीळ. अकरावा पीळ लोभाचा." अठरा पीळ घेणाऱ्या यंत्राला जुळारी दहाच द्यायचे. पुढच्या पिढीला हे कुणी शिकवलं नाही, कारण तोवर तपासणीची यंत्रं आली होती. पट्टी खाल्लेले जुळारी एकेक करून गेले.

तिने कागदावर आकडे मांडले. अठरा पिळांना पंचेचाळीस तास, म्हणजे एका पिळाला अडीच. दहा पिळांना पंचवीस. सोमवार साडेअकरातून पंचवीस तास वजा केले की येतो रविवार, सकाळचे साडेदहा. कोगुरे खरं बोलत होता आणि स्प्रिंगही खरं बोलत होती. खोटा होता तो छापील तक्ता, कारण पूर्ण चावी कुणी दिलीच नव्हती.

रविवारी साडेदहाला त्या खोलीत दहा पीळ देणारा माणूस होता. असे दोघेच आता जिवंत होते. त्यांतली एक ती स्वतः होती, आणि ती रविवारी घरी होती. याला साक्षीदार मात्र कोणी नव्हता.

दुसऱ्याच्या बोटांवर पट्टी बसताना जो दरवेळी डोळे मिटायचा, तो मोमोसे. एकाच खिडकीखाली समोरासमोरच्या बाकांवर त्यांनी अडतीस वर्षं काढली होती. बोलणं असं फार नाही, घड्याळ दिवसाला किती सेकंद पुढे-मागे जातं तेवढंच. सकाळी "प्लस तीन", दुपारी "मायनस एक", संध्याकाळी "उद्या भेटू". निरोपाच्या दिवशी मात्र "उद्या भेटू" म्हणायचं राहून गेलं. त्याची बायको वारल्याचं तिने वर्तमानपत्रात वाचलं होतं. पत्र लिहायला घेतलं होतं. तीन ओळी झाल्या आणि पुढे काय लिहायचं ते सुचलं नाही.

आपलेच दात आणि आपलेच ओठ! नाव सांगितलं तर मोमोसे जाणार, नाही सांगितलं तर कोगुरे. आणि एक गोष्ट तिला काही केल्या उलगडत नव्हती. यंत्र बदलून काटे चार-दहावर ठेवून तो निघून गेला असता, तर ओतकामवाल्याने धाकटंच यंत्र ठोकळ्यात गाडलं असतं आणि जगात कुणाला काही कळलं नसतं. मग त्याने चावी दिलीच का?

५

बुधवारी सकाळच्या बसने ती तळ्याला वळसा घालून गेली. मोमोसेच्या घराच्या वळचणीला सोललेली पर्सिमनची फळं वाळत टांगली होती. एका माणसाला पुरतील एवढीच.

दार उघडून त्याने तिच्याकडे पाहिलं आणि तो म्हणाला, "तीन दिवस लागले तुला. म्हातारी झालीस."

"बस उशिरा आली," फुसाए म्हणाली.

मेजावर चहाचा एकच कप होता. दुसऱ्यासाठी त्याने फळीवर बराच वेळ शोधाशोध केली, धूळ भरलेला एक सापडला, तो धुतला, पुसला, पुन्हा धुतला. खिडकीपाशी एका बशीत, उपड्या घातलेल्या काचेच्या पेल्याखाली मालकांचं यंत्र चालत होतं. चक्राचा तो जाडसर, जरा घाईतला आवाज तिने लगेच ओळखला. अठ्ठावीस वर्षांनी ती तो ऐकत होती.

"प्लस चार," मोमोसे म्हणाला. "तेल टाकलं फक्त. कुठे झीज नाही. जिवंत माणसाला ठोकळ्यात गाडतात का गं?"

"नाही गाडत." ती बसली. "कमरेत उसण भरली म्हणून बाकीच्यांना गवतात सोडून आत आलात, असंच ना? मालकांच्या फोटोमागे पेटीची किल्ली असते हे सगळ्यांना माहीत आहे. ठोकळ्याचं मागच्या महिन्यात गवत काढताना कळलं असेल, म्हणून धाकटं यंत्र खिशातून आणलंत. वीस मिनिटांचं काम."

"सतरा."

"मग चावी का दिलीत? झाकण लावून घरी यायचं. पण नाही! चालू केल्याशिवाय घड्याळ हातावेगळं करायचं नाही, ही आपली जन्माची सवय. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, तसं झालं तुमचं."

मोमोसेने कप खाली ठेवला.

"खोड नाही ती," तो म्हणाला. "काटे चार-दहावर आणले होते मी. झाकणही हातात घेतलं. आणि वाटलं, आता हे कुणालाच कधी कळणार नाही. मी घरी जाईन, भात लावीन, एकटा जेवीन. उद्या तेच, परवा तेच. पण घड्याळ चालू सापडलं तर गडबड होईल. जुन्या यंत्रातलं कळणारं माणूस शोधतील. तू कारखान्याच्या दारात राहतेस, तुलाच बोलावतील. आणि ते किती वेळ चाललं हे कळलं की तू पीळ मोजशील." तो खिडकीबाहेर बघत बोलत होता. "दहा आले की तू इथे येशील. दुसरीकडे कुठे जाणार?"

फुसाए ज्याला चूक समजत होती, ते आमंत्रण होतं. तिला एकदम रडू फुटेल असं वाटलं, आणि पाठोपाठ रागाची तिडीक आली.

"आणि कोगुरे?"

"कोगुरेचं काय?"

"तुमच्या पंचवीस तासांचे त्यांनी पंचेचाळीस केले. शनिवार दुपार निघाली. आज संध्याकाळी त्याला काढणार आहेत. चोर सोडून संन्याशाला फाशी! त्याचं एक वर्ष राहिलंय पेन्शनला."

मोमोसेचा चेहरा पांढरा पडला. आयुष्यभर त्याने दुसऱ्याला बसणाऱ्या पट्टीकडे डोळे मिटून घेतले होते. आता मिटले नाहीत.

"मी त्याचा विचारच केला नाही," तो म्हणाला.

"एक पत्र टाकायचं होतंत. साधं. चार ओळींचं."

"तूही टाकलं नाहीस."

हे खरं होतं. तिने चहा संपवला. मोमोसे उठला, यंत्र मऊ कागदात गुंडाळून डबीत ठेवलं आणि भिंतीवरचा कोट काढला. बसला अजून अकरा मिनिटं होती. ती दोघं थांब्यावर शेजारी शेजारी उभी राहिली.

६

मामियासमोर मोमोसे एवढा खाली वाकला की पुन्हा सरळ होताना त्याला मेजाचा आधार घ्यावा लागला. त्याने सगळं सांगितलं, चावी का दिली तेवढं सोडून. ते त्याने "खोड" म्हणून सांगितलं. फुसाएने त्याच्याकडे पाहिलं नाही.

पोलीस नकोत, हे मामियाने लगेच ठरवलं. समारंभाला दहा दिवस राहिले होते. कोगुरेला बोलावून त्याने स्वतः माफी मागितली, आणि मोमोसेला यापुढे कारखान्याच्या फाटकातून आत पाऊल टाकायला बंदी केली. देवळाचं गवतही नाही. मोमोसेने मान हलवली. डबीवरचा हात मात्र त्याला लवकर उचलता आला नाही.

"आता हे ओतायला पाठवतो," मामिया डबी घेत म्हणाला.

"त्या धाकट्याला पाठवा," फुसाए म्हणाली. "ठोकळ्यात घातल्यावर फरक कुणाला कळणार आहे?"

"तुम्हाला कळेल."

"आम्ही दोघंच आहोत. फार दिवस नाही राहणार."

मामियाने डबी मेजावर परत ठेवली. तो वाईट माणूस नव्हता, त्याला फक्त घाई होती. "आणि खरं यंत्र?" त्याने विचारलं.

"इवानामींच्या कपाटात. पण चालवत ठेवायला हवं, नाहीतर तेल सुकतं. मी येत जाईन. शनिवारी चावी, रविवारी तपासणी."

फाटकाशी कोगुरेने दोघांना निरोप दिला. मोमोसेला तो म्हणाला, "तुमच्यापायी माझी दुपारची झोप गेली, साहेब. आता शनिवारी टक्क जागा राहीन." मग आत जाऊन त्याने आपल्या डब्यातले दोन भाताचे लाडू आणून मोमोसेच्या हातावर ठेवले.

शनिवारी फुसाएने दहा पीळ दिले. रविवारी सकाळी यंत्र तपासलं, आकडा एका चिठ्ठीवर लिहिला आणि तळ्याला वळसा घालणारी बस पकडली. मोमोसेच्या दारात पोचली तेव्हा बारा वाजायला आले होते. मेजावर दोन कप मांडलेले होते. दोन्ही घासून लख्ख, चहा वाफाळलेला.

"प्लस चार," ती म्हणाली.

"टिकलंय म्हणजे," तो म्हणाला. "बस. आत्ताच टाकला चहा."

हात धुवायला ती मोरीपाशी गेली. कोपऱ्यात चहाच्या ओल्या पत्तीचे पाच ढीग होते, चार गार, एक कोमट. आयुष्यभर सेकंद मोजलेला माणूस "किती वाजता येशील" एवढंच विचारायचं विसरला होता, आणि सकाळी सातपासून दर तासाला गार झालेला चहा ओतून नवा करत बसला होता.

फुसाए परत येऊन त्याच्यासमोर बसली.

"उद्याही येईन," ती म्हणाली. "साडेनऊच्या बसने."